आमच्या गल्लीची सार्वजनिक भरवण व्यवस्था

मनुष्याचं तोंड भुकेने उघडतं, हा एक गैरसमज आहे. ते आश्चर्याने उघडतं. हे तत्त्व हनोईतल्या आमच्या गल्लीला फार पूर्वीच उमगलं आणि त्यावर आम्ही एक व्यवस्था उभी केली. सदर गल्लीचा निवासी गटप्रमुख या नात्याने तिची माहिती देणं माझं कर्तव्य आहे. (विचारलं कुणी नाही. कर्तव्य विचारून येत नसतं.)

व्यवस्था अशी. संध्याकाळी मुईआजी नातीला कडेवर आणि पेजेची वाटी हातात घेऊन बाहेर पडतात. नातीचं घरचं नाव खोआइ, म्हणजे रताळं. दृष्ट लागू नये म्हणून आम्ही पोरांना खाण्याच्या वस्तूंची नावं देतो. पहिला मुक्काम न्हाव्याचा. तो आरशावर फणी वाजवतो, खोआइ आ करते, चमचा आत. पुढे गॅरेजवाला मोटारसायकलचा भोंगा वाजवतो, चमचा आत. बर्फाचा चहा विकणाऱ्या लुआकाकू वाघाचा आवाज काढतात. (हा वाघ दम्याचा आहे, पण लहान मुलांना तेवढं कळत नाही.) शेवटी मी, म्हणजे साक्षात प्रशासन, पोलिसी शिट्टी फुंकतो. वाटी रिकामी होते. आपण काय खाल्लं हे पोरीला माहीत नसतं आणि ते माहीत असण्याची गरजही नसते. या पद्धतीने आमच्या गल्लीतली शंभर टक्के मुलं वाढली. उरलेली दुसऱ्या गल्लीत राहायला गेली.

खोआइला दात आले तरी पेज पातळच राहिली. घट्ट घास चावावा लागतो, चावताना तोंड मिटतं, आणि मिटलेलं तोंड हाच आमच्या व्यवस्थेचा एकमेव शत्रू आहे.

अशा सुरळीत कारभारात सूनबाईंनी नाक खुपसलं. सूनबाई म्हणजे दिएप, आजींच्या लेकाची, तोआनची, बायको, बँकेत नोकरीला. तिने एक उंच खुर्ची आणली, पोरीला त्यात बसवलं, पुढ्यात उकडलेल्या भोपळ्याच्या फोडी, मऊ गाजर आणि टोफू मांडला आणि स्वतः हात मांडीवर ठेवून बसून राहिली. नुसती बसून!

"अगं, ही काय कोंबडी आहे, पुढ्यात टाकून बाजूला व्हायला?" आजी म्हणाल्या.

"आई, हाताने खाऊ दे तिला. शिकेल."

"शिकेल म्हणे! माझ्या तोआनला अजून मी मासा निवडून देते, आणि हे एवढंसं बोचकं शिकणार!"

तोआन तेव्हा निवडलेला मासा खात होता, त्यामुळे त्याने मत दिलं नाही.

पहिल्या प्रयोगाचा अधिकृत निकाल पुढीलप्रमाणे. गाजर: अर्धं भिंतीला, अर्धं कुत्र्याला. टोफू: कानात. भोपळा: कानात मावेना म्हणून केसांत. पोटात: माहिती उपलब्ध नाही.

इकडे गल्लीवर अवकळा आली. न्हाव्याची फणी फक्त केस विंचरू लागली. वाघ ऐकायला जमणारी मंडळी चहा न पिताच घरी जाऊ लागली. शेवटी माझ्या अध्यक्षतेखाली सभा भरली आणि ठरलं, की आरोग्य केंद्रात पुढच्या वेळी वजन होईल तेव्हा काटा खाली गेला तर वाटी-चमचा आजींकडे परत. वर गेला तर आजींनी चमचा कायमचा खिळ्याला अडकवायचा. दोघींनी मान डोलावली.

सभा उठल्यावर आजी मागे रेंगाळल्या. "वुओंगभाऊ," त्या मला म्हणाल्या, "वाटी गेली तर या घरात मला काम काय उरलं हो?"

याला माझ्याकडे नियम नव्हता. मी शिट्टी पुसत बसलो.

दुसऱ्या दिवशी दिएप बँकेत गेली आणि आजींना काही राहवेना. दार लावून त्यांनी पेज भरवली. "आईला सांगायचं नाही हं, राणी." पोर उपाशी मरणार, असं न्हाव्यालाही वाटत होतं, त्याने गुपचूप केळं कुस्करून दिलं. लुआकाकूंनी अंड्याचा बलक दिला. गॅरेजवाल्याने कबुतराचं मांस घातलेली पेज विकत आणली. मी फक्त दुधात बुडवलेलं बिस्कीट दिलं, तेही प्रशासकीय समतोल राखण्यासाठी. रोज हेच चाललं, आणि प्रत्येकाला वाटत होतं, हे पाप आपण एकटेच करतोय.

वजनाच्या दिवशी नर्सबाईंनी काटा दोनदा ठोकून पाहिला. "अहो, काय खायला घालता हिला?"

"काही नाही," दिएप अभिमानाने म्हणाली, "ती तिची तीच खाते."

अख्खी गल्ली मागे उभी होती. जो तो छताकडे बघू लागला. आजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. बोलल्या तर लबाड ठरणार, गप्प राहिल्या तर हरणार. घरी येऊन त्यांनी चमचा खिळ्याला अडकवला. मला फार वाईट वाटलं.

आजी रुसल्या आणि त्यांनी भरवणं थांबवलं. हरलेल्या बाजूने कशाला खर्च करायचा, म्हणून आम्हीही थांबलो. परिणामी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोआइला आयुष्यात पहिल्यांदाच भूक लागली. तोवर ती आम्ही लागूच दिली नव्हती.

पोरगी खुर्चीत बसली. दारातून लुआकाकूंनी सवयीने वाघ काढला. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. भोपळ्याची फोड मुठीत धरली, निरखली, तोंडात घातली, आणि तोंड मिटलं. चावू लागली. आमच्या गल्लीत इतकी सुंदर गोष्ट मी पाहिलेली नाही, हे मी शिट्टीची शपथ घेऊन सांगतो.

"बघा, बघा, कशी खातेय माझी बाय!" आजींना रडू फुटलं. मग त्यांनी रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग टेबलाकडे. तोआन लेकीकडे आश्चर्याने आ वासून बघत होता. आजींनी माशाचे काटे काढले आणि घास आत सारला. तोआनने तो न बघता गिळला.

"आई," दिएप म्हणाली, "याच्यासाठी पण खुर्ची आणू का?"

"नको गं. त्याचं शिकायचं वय गेलं."

म्हणजे आमची व्यवस्था बंद पडलेली नाही. फक्त वयोगट बदलला आहे. वाचकहो, आपल्याला याचं हसू येत असेल. येऊ द्या. फणी वाजली, भोंगा वाजला, दम्याचा वाघ ओरडला, तसतसे आपण इथवर आलात. काटे मी आधीच काढून ठेवले होते, चावावं लागेल असं काही ठेवलं नव्हतं. आपण काय खाल्लं हे आपल्याला माहीत नाही आणि ते माहीत असण्याची गरजही नाही. वाटी रिकामी झाली आहे. तोंड पुसून घ्या.