साताठ बोल्ट आणि एकवीस खोकी

मर्ल ऑस्बी जुलैत विन्स्लो फोर्डला आला आणि अर्धा नोव्हेंबर सरला तरी कागदाच्या ताटलीत जेवत होता. ताटल्या, कढया, थंडीचे कोट, सगळं गॅरेजमधल्या एकवीस खोक्यांत चिकटपट्टी लावून बंद होतं आणि बायको डोरीन त्यांना हात लावायला तयार नव्हती. मर्ल कॉलेजांच्या फुटबॉल संघांचा मुख्य कोच. अकरा वर्षांतलं हे सातवं गाव. आधीच्या सहा गावांत डोरीननं शेवटचं खोकं उघडायचा अवकाश, मर्लला नारळ मिळायचा.

"या वेळी तू आधी जिंक," डोरीननं बजावलं होतं. "एक सामना तरी. मग उघडते."

"एकच? अगं, सगळे जिंकलो तर?"

"मर्ल, आपल्या लग्नाला बावीस वर्षं झालीत. मला नको सांगूस."

कॉलेजच्या अध्यक्षा मिसेस लिंडक्विस्ट यांचंही म्हणणं फार वेगळं नव्हतं. "ऑस्बी, मी काही करंडक मागत नाही. मोसमात एक सामना जिंका, तीन वर्षांचा करार देते. नाहीतर... तुमचं सामान अजून बांधलेलंच आहे ना?" गावात कुठलीही गोष्ट लपत नाही ती अशी.

मर्लचा मात्र स्वतःवर फार विश्वास. मोसमाचा शेवटचा सामना नदीपलीकडच्या मॅडिगन कॉलेजशी असे. तो जिंकला की मैदानाच्या दोन्ही टोकांचे गोलखांब उपटून नदीत फेकायचे, हा विन्स्लो फोर्डचा रिवाज. चौदा वर्षांत ती वेळ आली नव्हती. सरावाच्या पहिल्याच दिवशी मर्लनं मैदान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या व्हर्जिलला बोलावलं आणि खांबांचे निम्मे बोल्ट काढायला लावले.

"जिंकल्यावर पोरं खांब पाडणारच," त्यानं भाषण ठोकलं. "उगाच कुणाचं बोट चेंगरायला नको." निघालेल्या आठांपैकी सात बोल्ट त्यानं सात ज्येष्ठ खेळाडूंच्या हातावर ठेवले आणि आठवा स्वतःच्या खिशात टाकला.

"अहो कोच," व्हर्जिल म्हणाला, "पोर अजून पोटात नाही आणि तुम्ही पाळणा बांधताय!"

पुढच्या नऊ आठवड्यांत संघ नऊ सामने हरला. त्यातले तीन एकेका गुणानं, आणि ते पाप मर्लच्या स्वभावाचं. चेंडू घेऊन शेवटची रेघ ओलांडली की सहा गुण मिळतात. त्यानंतर एक जादा संधी असते: चेंडू लाथ मारून खांबांमधून घालवा, एक गुण, किंवा पुन्हा पळत रेघेपार न्या, दोन. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं मर्लच्या आईनं त्याला लहानपणी शिकवलं होतं. तो दरवेळी लाथच निवडायचा.

लाथ मारायची टोबी फेन्विकनं. टोबी रसायनशास्त्रात पहिला, वागायला गुणी. पण समोर खांब दिसले की त्याचे पाय लटपटायचे. एकदा त्यानं मारलेला चेंडू बँडवाल्याच्या भोंग्यात जाऊन बसला होता. एकदा महापौरांची टोपी उडाली. प्रेक्षक ओरडून ओरडून दमायचे, "अरे पळव, मर्ल्या, पळव!" आणि मर्ल टोबीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "जा बाळा, या वेळी जमेल."

मॅडिगनविरुद्धच्या सामन्यात चार सेकंद उरले असताना संघ वीस-चौदा असा मागं होता. तेवढ्यात ग्रिफ नावाचा आडदांड गडी तिघांना अंगावर घेऊन रेघेपार कोसळला. सहा गुण. वीस-वीस.

बेरीज करायची शुद्ध कुणाला? विजयाची धून चौदा वर्षं घोकत बसलेल्या बँडमास्तरानं हात वर केला, भोंगे वाजले आणि आठशे पोरंपोरी मैदानात घुसली.

"अरे थांबा! बरोबरी झालीय, बरोबरी!" मर्ल हात पसरून आडवा गेला. एका धिप्पाड पोरानं त्याच्या टकलाचा मुका घेतला. "जिंकवलंत, कोच!" निम्म्या बोल्टांवर उभे असलेले खांब शेवग्याची फांदी मोडावी तसे पडले. दोन्ही टोकांचे. बघता बघता ते खांद्यांवरून फाटकाबाहेर गेले.

मैदान रिकामं व्हायला वीस मिनिटं लागली. मग पंच चष्मा पुसत मर्लपाशी आले.

"कोच, वेळ संपली, पण तुमची जादा संधी बाकी आहे. खांब कुठायत?"

"नदीत."

"दोन्ही?"

"आमची मुलं कामाला वाघ आहेत हो," मर्ल रडवेल्या सुरात म्हणाला.

"खांबांची जबाबदारी यजमानांची. दहा मिनिटं देतो. आणि नीट ऐका, बरोबरीच राहिली तर खांबांशिवाय पुढचा खेळ होणार नाही. सामना मॅडिगनला देईन."

व्हर्जिल नदीवर जाऊन धापा टाकत परत आला. "एक पुलाखाली अडकलाय. दुसरा मॅडिगनच्या काठाला लागला. पाहुण्यांच्या घरी पोचला म्हणा की!"

"पण इतक्या पटकन निघाले कसे?" पंचांनी विचारलं. व्हर्जिल आभाळाकडे बघू लागला. मर्लनं खिशातला बोल्ट घट्ट मुठीत धरला. गेली आपली नोकरी, आणि तीही आपल्याच हातानं घालवली, असं त्याला वाटलं.

टोबीची समजूत काढावी म्हणून तो वळला. "बाळा, लाथ मारायला आता खांबच नाहीत."

"म्हणजे मला मारावी लागणार नाही?" टोबीचा चेहरा असा उजळला की मर्ल बघतच राहिला. मोसमात पहिल्यांदाच त्या पोराचे पाय लटपटत नव्हते. त्यानं कुणाच्या तरी हातातलं केळं घेऊन खायलाही सुरुवात केली.

"मग पळवावाच लागणार," मर्ल पुटपुटला. "आपला पळायचा डाव कुठला रे?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. "कोच, तुम्ही शिकवलाच नाही कधी," ग्रिफ म्हणाला. "वसतिगृहामागे आम्ही एक खेळतो. पण तुम्ही ओरडाल म्हणून..."

"नाही ओरडत. बोल."

"चेंडू टोबीला द्यायचा. त्याच्याकडे कोण बघतंय?"

मर्लला आई आठवली. मग डोरीन आठवली. "द्या," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

मॅडिगनच्या कोचनं मर्लचे नऊच्या नऊ सामने पडद्यावर बारकाईनं पाहिले होते. त्यात पळायचा डाव औषधालाही नव्हता. त्याची सगळी माणसं ग्रिफवर तुटून पडली. टोबी चेंडू पोटाशी धरून, उरलेलं केळं चघळत, एकटाच रेघेपार गेला. पुढं मैदान संपलं तरी तो पळतच होता.

बावीस-वीस! मर्लला आधी आरोळी ऐकू आली आणि मग त्यानं डोळे उघडले. तो मटकन बाकावर बसला आणि सगळ्यांदेखत रडला. मिसेस लिंडक्विस्ट लांबून करारावर सही केल्यासारखा हात हवेत फिरवत होत्या.

आठशे पोरं पुन्हा मैदानात घुसली आणि मधोमध येऊन थबकली. उपटायला काही उरलंच नव्हतं. पण रिवाज म्हणजे रिवाज. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि सगळ्यांची नजर एकदमच बाकावर गेली.

"अरे, मला नको! मला बोल्ट नाहीत!" मर्ल ओरडेपर्यंत पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं.

नोव्हेंबरची नदी. व्हर्जिलनं बाहेर ओढून काढला तेव्हा मर्ल जांभळा पडला होता. डोरीन काठावर शाल घेऊन उभी होती. ती घाईघाईनं त्याला गाडीत घालून घरी घेऊन आली आणि थेट गॅरेजमध्ये शिरली.

"को... कोट," मर्लचे दात वाजत होते. "कुठल्या खोक्यात?"

"आठवत नाही बाई. सगळीच उघडावी लागणार आता," डोरीन म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. तिनं त्याच्या निथळत्या खिशात हात घातला, बोल्ट काढला आणि त्याच्या टोकानं पहिल्या खोक्याची पट्टी टर्रकन फाडली.

आत ताटल्या निघाल्या.

"कोट राहू दे," मर्ल कुडकुडत म्हणाला. "आधी जेवू."