नानांचं ऊन

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतून स्कूटीवर सगळ्यांत झोकात निघणारी मुलगी बहात्तर वर्षांची आहे आणि तिला झुपकेदार मिशा आहेत. तिचं नाव नाना.

नाना माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. कॉलेजच्या मुली बांधतात तसा चेहऱ्याभोवती फुलाफुलांचा स्कार्फ, काळा गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे आणि वर पांढरा सनकोट, अशा थाटात ते भाजी आणायला जातात. एकदा चौकातल्या हवालदाराने "मॅडम, लायसन्स" म्हणून त्यांना अडवलं. नानांनी लायसन्स काढून दिलं आणि शांतपणे म्हणाले, "फोटोतही मीच आहे."

हृदयाचे ठोके चुकतात म्हणून नाना एक गोळी घेतात. तिच्यामुळे ऊन सोसत नाही. जरा अंगावर पडलं की कातडी लाल होऊन जळजळते. गोळी बदलून द्या म्हणून ते डॉक्टरांच्या मागे लागले होते, पण दुसरी कुठलीच लागू पडली नाही. "थोडक्यात, मी किंवा ऊन. दोघांपैकी एकच मिळेल," असं त्यांनी घरी येऊन मला सांगितलं.

याच माणसाने पूर्वी हिवाळ्यात गच्ची गाजवली आहे. सकाळी उन्हाला पाठ देऊन मित्रांमध्ये बसायचं, मोठ्याने पेपर वाचायचा आणि सावली शोधणाऱ्याला 'फ्रिजमधली भाजी' म्हणायचं, हा त्यांचा नेम. आता ते गच्चीच्या दाराआड, जिन्यात खुर्ची टाकून बसतात. बाहेर हशा झाला की आतून विचारतात, "काय झालं हो?" मग कोणीतरी तो विनोद पुन्हा सांगतं. पुन्हा सांगितलेल्या विनोदाला कोणी हसत नाही, नाना मात्र हसतात. मला ते बघवत नाही.

परवाच्या रविवारी मी गाद्या उन्हात टाकायला निघालो, तर नानांनी दारातून आपली उशी पुढे केली.

"ही पण टाका. आणि मधूनमधून उलटवा, एकाच अंगाने भाजू नका."

दुपारी मी ती परत नेली. चांगली तापली होती. पडदे ओढलेल्या खोलीत नानांनी ती मांडीवर घेतली, दोन्ही तळवे तिच्यावर ठेवले आणि मग हळूच गाल टेकवला. मी जायला उठलो, तसे डोळे न उघडताच म्हणाले,

"अहो, बसा की. ही निवेपर्यंत आपण जरा उन्हात बसू."