गांजाच्या धोरणाला दहापैकी किती?

"चाळीस वर्षं वह्या तपासल्या, चार कॉमेंट काय जड आहेत?" असं म्हणून निवृत्त गुरुजींनी जुन्या विद्यार्थ्याचा फोन ताब्यात घेतला. विद्यार्थी आता पुढारी झाला होता. शाळेत त्याला सगळे 'उद्यासाहेब' म्हणत, कारण वही मागितली की तो "उद्या आणतो" म्हणे.

त्या दिवशी सोशल मीडियावर गांजाचं धोरण पेटलं होतं. बंदी ठेवावी की औषधापुरती सूट द्यावी, यावर पुढारी तावातावाने लिहीत होते. संध्याकाळी पक्षाध्यक्ष उमेदवारी जाहीर करणार होते. म्हणून उद्यासाहेबांनी सभेला निघताना बजावलं, की माझ्या नावाने सगळ्यांना गोड उत्तरं द्या, कुणाला दुखवू नका.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि एका बैठकीत साठ पोस्टी हातावेगळ्या केल्या. पण हाताची सवय जाते थोडीच! विरोधी पक्षाच्या बाईंनी मुद्देसूद लिहिलं होतं, त्यांना दहापैकी आठ गुण. एकाने नुसतंच "बंदी! बंदी! बंदी!" लिहिलं होतं, त्याला सांगितलं, "एकच शब्द तीनदा लिहून उत्तर वाढत नाही, बाळ. कारणं लिही." एक लांबलचक पोस्ट गोल गोल फिरून जागच्या जागी आली होती. तिला दोन गुण, खाली सवयीने 'तपासले, गुरुजी' अशी सही आणि शेरा: "प्रश्न वाचलेला दिसत नाही. पालकांना भेटायला पाठवावे."

ती पोस्ट पक्षाध्यक्षांची होती.

दुपारी उद्यासाहेब धापा टाकत परतले. चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा.

"गुरुजी, संपलो मी!"

गुरुजींना त्याचं काही नव्हतं. बंदीवाल्याने पाच कारणं लिहून आणली होती, त्याला ते कौतुकाने सहा गुण देत होते. लोकही रांगेने उत्तरं तपासायला पाठवत होते.

तेवढ्यात पक्षाध्यक्षांचा फोन आला. उद्यासाहेबांनी तो तापल्या तव्यासारखा कानापासून लांब धरला. अध्यक्ष मात्र नरम आवाजात बोलले. विरोधी बाईंना आठ आणि आपल्याला दोन, हे पक्षाला शोभत नाही, म्हणून आपण उत्तर पुन्हा लिहिलंय, तपासून मिळेल का?

"आणि हो, लोक तुझ्यावर खूश आहेत. गांजाबद्दल तुझी भूमिकाही गुरुजींकडून तपासून घे. संध्याकाळपर्यंत सात गुण आण, उमेदवारी तुझी."

गुरुजींनी हात पुढे केला. "दे बाळ, काय लिहिलंयस?"

उद्यासाहेबांनी छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग बुटांकडे.

"गुरुजी, उद्या आणली तर चालेल?"