ठाऊक नसल्याचा जबाब

पवना नदीच्या डोहात भैरू मरण पावला, तेव्हा तो पाण्यात उभा राहून बैल धूत होता. ही गोष्ट मयताच्या विरुद्ध जाते, असं हवालदार रंगरावांचं प्रथमदर्शनी मत पडलं.

डोहात सुरुंगाचा तोटा, म्हणजे स्फोटक दारूची कांडी, टाकला होता सोनबानं. तो खडीच्या खाणीवर सुरुंग लावायचा. पिंपरीकडे कारखाने उठत होते, त्यांच्या पायाभरणीला खडी लागत होती, आणि दर आठवड्याला एखाददुसरा तोटा खाणीतून नदीकडे वळून मासे मारत होता. हे बेकायदा होतं. पण मासा ताजा मिळे, त्यामुळे कायद्याची उणीव गावात कुणाला भासली नव्हती.

फौजदारसाहेब पुण्याहून आले आणि त्यांनी रंगरावांना कायदा समजावला. सोनबाला मासे मारायचे होते की माणूस, याला महत्त्व नाही. पाण्यात माणूस असताना तोटा टाकला तर तो बहुतेक मरणारच, हे ठाऊक असून टाकला असेल, तर खून. ठाऊक नसेल, तर हलगर्जी. फार तर दोन वर्षं.

"तेव्हा रंगराव, त्याला आधी कुणी बजावलं होतं का, तेवढं शोधा."

रंगराव शोधायला निघाले. काम अवघड होतं, कारण बजावणारा इसम ते स्वतःच होते. मागल्या महिन्यात तोट्यानं एक म्हैस मेली, तेव्हा घाटावर उभं राहून त्यांनी सोनबाला सांगितलं होतं की पुढच्या खेपेला माणूस मरेल. सोनबानं मान डोलावली होती आणि दोन मरळ मासे पळसाच्या पानात बांधून दिले होते. मरळ चवीला उत्तम निघाले.

चौकीच्या पायरीवर भैरूची बायको मंजुळाबाई बसून होती. गावानं एव्हाना 'अपघात' म्हणायला सुरुवात केली होती, आणि अपघात म्हणजे भैरूचंच काहीतरी चुकलं असणार. तिला कागदावर 'खून' हा शब्द हवा होता. बाकी काही नको होतं.

"हवालदार, तुमीच बजावलं व्हतं न्हवं त्याला? मी घाटावर धुनं धूत व्हते."

"तू ऐकलंस ते बरोबर आहे, बाई. पण मी बोललो होतो की नाही, याचा तपास चालू आहे."

"आन मरळ? ते बी तपासात गेलं का?"

हा प्रश्न अप्रस्तुत असल्यानं नोंदवला गेला नाही.

सोनबानं तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मला ठाऊक व्हतं, हवालदारांनीच सांगितलं व्हतं. पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. त्या क्षणी रंगरावांना कायद्याविषयी मनापासून आदर वाटला.

दुपारी साहेब चौकीवर जेवायला बसले असता रंगरावांनी भीत भीत विचारलं, "साहेब, समजा बजावणाऱ्यालाही ठाऊक होतं, तर?"

साहेब दातातला माशाचा काटा काढत होते. "मग खाणाऱ्यालाही ठाऊक असणार," ते म्हणाले, आणि ताटातला उरलेला मासा त्यांनी संपवला.

संध्याकाळपर्यंत गावकऱ्यांनी द्यायच्या जबाबाचा मजकूर छापून तयार झाला: 'सुरुंगाने माणूस मरतो, हे मला ठाऊक नव्हते.' पाटलांनी सही केली. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या उद्धवरावांनी केली. खाणीच्या तोंडाशी 'धोका, दूर राहा' अशी पाटी लावलेल्या खाणमालकांनी दोन प्रतींवर केली. असे साठ जबाब झाले. गावातच कुणाला ठाऊक नव्हतं, तर सोनबाला कुठून असणार, म्हणून त्याच्यावर हलगर्जीचं कलम लागलं.

एकट्या मंजुळाबाईनं अंगठा दिला नाही. "मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "समद्यास्नी ठाऊक व्हतं."

यामुळे तपासाला एकदम दिशा मिळाली. धोक्याची पूर्वकल्पना असलेली गावात एकच व्यक्ती, आणि तिनं नवऱ्याला त्या दिवशी डोहावर जाऊ दिलं. खुलासा मागणारी नोटीस तिला रंगरावांनी जातीनं नेऊन दिली, आणि येताना घाटावरून आले. तिथं ताजे मासे विकायला आले होते. सोनबा जामिनावर सुटला होता.

छापलेल्यांपैकी एक कोरा जबाब चौकीत शिल्लक आहे. आपण इथवर वाचलं आहे, तेव्हा आता आपल्यालाही तो लागेल. नावाची जागा मोकळी ठेवली आहे, अंगठाही चालेल.