रूपसिंगची फेरतपासणी

"बाबा, ही सिस्टिम की ती, आज ठरवा. नाहीतर मी नागपूरच्या हॉस्पिटलात रुजू होते," अनघा म्हणाली.

आर्णीच्या त्या दवाखान्यात डॉक्टर वामनरावांची हयात गेली होती. जुन्या केसपेपरांची चवड अशी, की भिंतच तिला टेकून उभी. डॉक्टर होऊन आलेली लेक म्हणे, मी या ढिगाऱ्यात बसणार नाही. म्हणून दोन कंपन्यांच्या कॉम्प्युटर सिस्टिम चाचणीला आल्या. एक नुसती नोंद ठेवणारी, मुकी. दुसरी अभिषेक नावाच्या गोडबोल्या विक्रेत्याची.

"सर, जुने सगळे पेशंट आत टाकलेत. जो बरेच दिवस आला नाही, त्याला ही स्वतः मेसेज करून बोलावते. दाबू?"

"दाब."

दाबलं. त्यातले कोण मेलेत, हे यंत्राला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि मेलेल्या माणसाचा फोन घरात कोणीतरी वापरतंच.

दुपारी दवाखान्यासमोर दुचाक्यांची जत्रा भरली. आत विधवा, बाहेर पोरके. डॉक्टर एकेक चेहरा बघत गेले. याचा बाप, हिचा नवरा, त्याची सून. आपल्या हातून इतके गेले?

"जिवंतांपैकी कोणीच कसं आलं नाही?" अनघाने विचारलं.

"जिवंतांना वेळ कुठे? कापसाची वेचणी चालू आहे."

तेवढ्यात देवीलाल आपल्या आईला, हंसाबाईला, दंडाला धरून आत घुसला. त्याच्या दुसऱ्या हातात दगड होता. अभिषेक मागच्या दाराने असा गेला, की चप्पल तिथेच राहिली.

"काहो साहेब, माह्या बापाले कायले बलावता? रूपसिंगले जाऊन दोन वर्सं झाली! जिता होता तवा बाहेर बसून बसून वाळला, अन् आता म्हणता, डॉक्टर वाट पाहून राह्यले?"

"चूक झाली रे. मशीननं..."

"म्या मेसेज वाचला अन् मायनं हातची भाकर खाली ठेवली! माय, बोल तू. सोडू नको याहिले!"

हंसाबाई सरळ तपासायच्या टेबलावर चढली आणि हात पुढे केला.

"तेह्यचा नंबर लागला ना? तेह्यले तं येता येत नाही. मंग नंबर वाया कायले घालवता? मले पाहा."

अनघाने बीपीचा पट्टा बांधला. आकडा पाहिला, पुन्हा बांधला. दोनशे वीस.

"मावशी, डोकं कधीपासून दुखतं?"

"माहा बुढा जिता होता तवापासून."

देवीलाल पुढे सरकला. "माय, सांगतलं काहून नाही?"

"तू इचारलं होतं काय?"

त्याने दगड हळूच खिडकीत ठेवला. मग बाहेरच्यांनीही रांग धरली. जो तो आपल्या मेलेल्याच्या नंबरावर टेबलावर चढला. दिवेलागणीपर्यंत बापलेकीला पाणी प्यायला फुरसत नव्हती.

"ती मुकी सिस्टिमच घे," दमलेले डॉक्टर म्हणाले. "या बोलकीपायी आज मार खाल्ला असता."

"घेते. पण आधी या बोलकीत या सगळ्या नावांपुढे 'मृत' अशी खूण करते, म्हणजे आणखी निरोप जायचा नाही."

गोळ्यांसाठी थांबलेली हंसाबाई दाराकडे बघून पुढे वाकली. देवीलाल बाहेर गाडी सुरू करत होता.

"बाई, तेह्यले मारू नको वो."

"अहो मावशी, ते गेलेत ना?"

"माह्या नावानं बलावशीन तं पोट्टा म्हनते, तुले काय धाड भरली, जाय वावरात. बापाच्या नावानं बलावलं तं भांडाले काहून होईना, गाडीवर बसवून आनते."

अनघाने बटणावरचं बोट उचललं. तिने बाबांकडे पाहिलं. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला.

"बोलकीच घे," ते म्हणाले. "आणि नागपूरचं काय ते तू बघ."

"बघितलं," अनघा म्हणाली. "रूपसिंगला पुढच्या आठवड्यात बोलावलंय. तपासायला मी नको का इथे?"