खटॅक झाल्याशिवाय हात सोडू नये

कार्यालयाने एखादी वस्तू नागरिकाला दिली, असे नेमके कधी म्हणावे, याबद्दल बाहेरच्या लोकांत बराच गोंधळ आहे. वस्तू हातात पडली की मिळाली, असे भाबडेपणाने समजणारे पुष्कळ आहेत. आमच्याकडे असा गोंधळ नाही. देणाऱ्याने वस्तूचे एक टोक धरावे, घेणाऱ्याने दुसरे, दोघांनी समोर पाहावे आणि 'खटॅक' असा आवाज झाला की देणाऱ्याने हात सोडावा. झाले वाटप. काठी असो, कांबळे असो की घराची किल्ली, नियम एकच. मी समारंभ कक्षाचा प्रमुख आहे आणि हा नियम मीच शब्दांत बसवला, म्हणून थोड्या अभिमानाने सांगतो.

खटॅक हा आवाज आमच्या फोटोकाकांच्या कॅमेऱ्यातून येई. त्यांचा डीएसएलआर विटेएवढा जड होता. त्याच्या पोटात एक आरसा असतो. बटण दाबले की तो वर उडतो, फोटो निघतो आणि आरसा पुन्हा खाली आपटतो. तो आपटला की साहेबांचे हसू मावळे, हात सुटे आणि पुढचा लाभार्थी पुढे सरके. इतक्या वर्षांत साहेबांना 'आता सोडा' असे एकदाही सांगावे लागले नव्हते.

मग साहेबांच्या भाच्याने घोळ घातला. भाचा फोटोग्राफीतला जाणकार, म्हणजे त्याने फोटो फारसे काढलेले नाहीत, पण कॅमेऱ्यांवर तो तासन्‌तास बोलतो. त्याने मामांना जेवताना सांगितले की आरशाचा जमाना संपला, सगळे जग मिररलेसकडे, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्याकडे, चालले आहे आणि आरशाच्या कॅमेऱ्यात मामा जाड दिसतात. पहिल्या दोन मुद्द्यांवर साहेबांनी समिती नेमली. तिसऱ्यावर जागच्या जागी निर्णय घेतला.

समितीत मी होतोच. आम्ही फोटोकाकांना बोलावून घेतले.

"मिररलेस डीएसएलआरची जागा घेईल का?" मी विचारले.

"ते तुम्ही ठरवूनच बसलाय, मग मला कशाला विचारता?" काका म्हणाले. "नवा हलका आहे. फोटो कसा येणार ते आधीच दिसतं. जुन्याची बॅटरी मात्र संपता संपत नाही. बाकी फोटोत माणूस तोच येतो, कुठलाही घ्या."

हे शेवटचे वाक्य समितीला उद्धट वाटले. नवा कॅमेरा आला. तो अगदी गुपचूप फोटो काढू शकतो, हे त्याचे खास वैशिष्ट्य. भाच्याने आवाज बंद करूनच तो काकांच्या हाती दिला, आणि या शांततेचे कारण दाखवूनच आम्ही जादा खर्च मंजूर करून घेतला होता. जुना कॅमेरा निकामी ठरवून भांडारात मोहोरबंद करण्यात आला. काकांनी तो देताना पुसून दिला, आणि पुढे बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

नव्या कॅमेऱ्याचा पहिला समारंभ घरवाटपाचा होता. लाभार्थी एकच, शिवणकाम करणाऱ्या एक मावशी. घरासाठी त्या इतकी वर्षे खेटे घालत होत्या की आमच्या कार्यालयाचे उसवलेले पडदे त्यांनीच, बघवेना म्हणून, बाकावर बसल्या बसल्या शिवून टाकले होते. आज मात्र त्या घाईत होत्या. त्यांच्या भाड्याच्या खोलीत संध्याकाळी दुसरे बिऱ्हाड यायचे होते आणि मालकाने त्यांचे शिलाई यंत्र, गाद्या, डबे सगळे जिन्यात आणून ठेवले होते. आज किल्ली मिळाली नाही तर रात्री कुठे जायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. तसे त्यांनी मला सांगितलेही. मी सहानुभूतीने मान हलवली आणि त्यांना व्यासपीठावर कुठे उभे राहायचे ते दाखवले.

खरी किल्ली बोटभर असते. ती दोघांना धरता येत नाही आणि फोटोत दिसत तर मुळीच नाही. म्हणून आमच्याकडे हातभर लांब, सोनेरी रंग दिलेली लाकडी किल्ली आहे. खरी तिला फितीने बांधतात. साहेबांनी एक टोक धरले, मावशींनी दुसरे. दोघे हसले. काकांनी बटण दाबले.

सभागृह शांत राहिले.

"झाला?" साहेबांनी ओठ न हलवता विचारले.

"मघाशीच झाला," काका म्हणाले.

"आवाज नाही आला."

"हा आवाज करत नाही, साहेब. त्याचसाठी घेतलाय ना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी काकांच्या हातून कॅमेरा घेऊन त्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर फोटो पाहिला. फोटो सुरेख होता, साहेब बारीक दिसत होते. पण एक गंभीर बाब माझ्या नजरेतून सुटली नाही.

"साहेब, या फोटोत किल्ली तुमच्या हातात आहे," मी म्हणालो. "तुम्ही देताय, एवढंच यातून सिद्ध होतं. दिलीत, असं कुठेच दिसत नाही."

"मग सोडतो, आणि दिल्याचा फोटो काढा."

"तेव्हा ती नुसती बाईंच्या हातात दिसेल. तुम्ही दिली की त्यांनी घरून आणली, कुणी सांगावं?"

"मग आजवर कसं चालत होतं?"

"आवाज यायचा," मी म्हणालो.

साहेबांची पकड घट्ट झाली. ते पाहून मावशींचीही झाली.

"यातही आवाज सुरू करता येतो," काका म्हणाले. "हे इथे नुसतं बदललं की..."

मी त्यांना तिथेच थांबवले. शांततेसाठी जादा खर्च झाला आहे. आवाज सुरू केला तर ती सगळी शांतता वाया गेली, असा आक्षेप येणार. शिवाय पोटात आरसा नसताना आरसा आपटल्याचा आवाज काढायचा, म्हणजे उघड उघड बनावटगिरी.

"मी काढू का तोंडाने?" मावशींनी विचारले.

लाभार्थ्याने स्वतःचे वाटप स्वतःच पूर्ण करणे नियमात बसत नाही, हे मी त्यांना शांतपणे समजावले.

साहेबांना वरच्या मजल्यावर बैठक होती. त्यांना हात सोडता येत नव्हता आणि मावशी तर सोडणारच नव्हत्या. "इतकी वर्षं लांबून बघितली," त्या म्हणाल्या, "आत्ता कुठे हाताला लागलीये." तेव्हा दोघे किल्लीसकट जिना चढले. बैठकीत मावशी साहेबांशेजारी बसल्या. विषय गणवेशाच्या कापडाचा होता. मावशींनी नमुना बोटांत चुरगाळून पाहिला आणि हे पहिल्याच धुण्यात आटेल असे सांगितले, त्यामुळे बैठक तहकूब करावी लागली. साहेबांनी डाव्या हाताने सह्या केल्या. त्या नेहमीपेक्षा बऱ्या वाचता येत होत्या. तेवढ्यात त्यांच्या घरून फोन आला.

"जेवायला उशीर होईल," साहेब म्हणाले. "एका बाईंना घर देतोय. अगं, तसं नाही. नाही, सोडता येत नाही मला."

पलीकडचा आवाज चढत गेला. शेवटी मावशींनीच फोन मागून घेतला. "काळजी करू नका, वहिनी," त्या म्हणाल्या. "हे कुणाला काही देत नाहीत. मी सकाळपासून बघतेय."

दुपार कलली तशी मावशींची नजर सारखी खिडकीकडे जाऊ लागली. "साहेब, यंत्र उघडं पडलंय हो जिन्यात," त्या म्हणाल्या. "येता-जाता कुणी धक्का मारला, मोडलं, तर मी खाऊ काय?" मला वाईट वाटले. नियमात राहून जेवढे वाटून घेता येते, तेवढे मी वाटून घेतले.

तोडगा मलाच सुचला. फोटो नव्याने काढावा आणि आवाज जुन्याने करावा. कोणता कॅमेरा राहणार आणि कोणता जाणार, यावर जगभर डोकेफोड चालली आहे. आमच्या कार्यालयाने तो वाद अर्ध्या मिनिटात मिटवला. साहेब आणि मावशी पुन्हा व्यासपीठावर उभे राहिले. भांडारपालांनी मोहोर तोडली, जुना कॅमेरा सभागृहात आणला आणि काकांपुढे धरला. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला. भांडारपालांनी सोडला नाही.

"सोडा की," काका म्हणाले.

"भांडारातली वस्तू देणं म्हणजेही वाटपच," भांडारपाल म्हणाले. "खटॅक होऊ दे."

"अहो, खटॅक याच्याच पोटात आहे."

"असेल. पण नियम म्हणजे नियम."

मी लिहिलेला नियम इतक्या निष्ठेने पाळलेला मी कधी पाहिला नव्हता. मला भरून आले. आता सभागृहात माणसांच्या दोन जोड्या दोन वस्तू धरून उभ्या होत्या आणि कुणीच कुणाला काही देत नव्हते. काकांनी कॅमेरा आपल्याकडे ओढला. भांडारपालांनी आपल्याकडे ओढला. त्या ओढाताणीत कुणाचे तरी बोट कुठेतरी पडले, आणि जुन्याची बॅटरी अजून शाबूत होती.

खटॅक.

सवयच ती. साहेबांचे हसू मावळले आणि हात सुटला. भांडारपालांचा हात सुटला. काकांनीही सवयीने "चला, पुढचे" म्हणत हात वर केला. कॅमेरा फरशीवर आदळला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबेपर्यंत मावशी किल्ली काखेत मारून रस्त्याला लागल्या होत्या.

काका खाली बसून आरशाचे तुकडे वेचू लागले. "शेवटचा फोटो तरी आला असेल," ते म्हणाले.

"आत फोटो साठवायचं कार्डच नव्हतं," मी म्हणालो.

म्हणजे प्रश्न तसाच राहिला. आवाज झाला त्याचा फोटो नव्हता, फोटो होता त्याला आवाज नव्हता. त्यात मावशी खऱ्या किल्लीबरोबर लाकडीही घेऊन गेल्या, आणि ती परत आल्याशिवाय पुढच्या कुणालाच घर देता येणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांच्या नव्या घरी गेलो. खोली लहान, पण उजेडाची. यंत्र खिडकीशी मांडलेले. आमची सोनेरी किल्ली दोन खिळ्यांवर आडवी ठेवून तिच्यावर शिवून झालेले कपडे टांगले होते.

"या, बसा," मावशी म्हणाल्या.

"बसायला आलेलो नाही," मी म्हणालो. "वाटपाचा पुरावा नाही. त्यामुळे हे घर तुम्हाला अजून मिळालेलं नाही. आणि कार्यालयाची किल्ली परत हवी आहे."

"मिळालं की. काल कुलूप उघडलं तेव्हा खटॅक झालं. मी ऐकलं."

मावशींनी कपडे उतरवून नीट घडी करून ठेवले, लाकडी किल्ली काढली आणि अदबीने माझ्यापुढे केली. मी माझे टोक धरले. त्यांनी त्यांचे सोडले नाही.

"सोडा, मावशी."

"सोडते ना. खटॅक होऊ दे."

तेव्हापासून मी इथेच आहे. मावशी पायाने यंत्र चालवतात आणि मोकळ्या हाताने कापड सरकवतात. मी माझ्या मोकळ्या हाताने हे लिहितो आहे. फोटोकाकांना निरोप धाडला होता. येतो म्हणाले, नवा कॅमेरा घेऊन, आवाज बंद ठेवूनच.

तुम्ही हसताय, हसा. पण जरा खिशातला फोन काढा. त्याच्या पोटात आरसा नाही, कधीच नव्हता, तरी फोटो काढताना तो खटॅक म्हणतो. कशासाठी म्हणतो, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. मागे तुम्ही कुणाला काही दिलंत, पांघरूण म्हणा, वह्या म्हणा, जेवणाचा डबा म्हणा, तेव्हा तो ऐकल्यावरच हात सोडला होतात. तेव्हा वेळ काढून इथे या, आणि फोटोचं बटण एकदा दाबा. तुमचा सराव माझ्यापेक्षा ताजा आहे.