बापूकाका आणि मोटारीचं डोकं

खामगावात कोणाचीही मोटार उभी राहिली की आमचे शेजारी बापूकाका मालकाला नमस्कार नंतर करत, आधी बोनेटला कान लावत. कचेरीतला साधा कारकून, स्वतःची सायकलसुद्धा नाही. पण जुन्या मोटारीचं इंजिन मूळचं की कोण्या मिस्त्रीनं सुधारलेलं, हे सांगावं त्यांनीच.

मला त्यांनी ते शंभरदा समजावलं असेल. त्या मोटारींचे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, इंजिनाच्या कुशीत असत. हौशी मालक वेग वाढावा म्हणून इंजिनाचं डोकंच, म्हणजे वरचं झाकण, बदलून घेत, की व्हॉल्व्ह वर येत. मग इंजिन वरून टिकटिक करी आणि कुशीतली रिकामी भोकं पत्र्यानं बंद केलेली दिसत. नागपूरहून आलेल्या साहेबाला काकांनी तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या गाडीचं डोकं तिचं न्हाई." साहेबाला मराठी येत नव्हती म्हणून काकांची नोकरी वाचली.

माझ्या लग्नात मात्र त्यांनी कहर केला. सासुरवाडी वरवट बकालची. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मला न्यायला सासऱ्यांनी कोण्या जमीनदाराची जुनी मोटार मागून आणली होती. मी बाशिंग बांधून बसलेला, मुहूर्त जवळ आलेला, आणि अक्षतांचं ताट हातात घेऊन काका गाडीला आडवे.

"बंद कर बे गाडी," ते ड्रायव्हरला म्हणाले. "मले हिचं डोकं पाहू दे."

सासरे लालबुंद झाले. मलाही राग आला. नवरदेव काय रोज होतो माणूस? पण काकांनी बोनेट उघडलंसुद्धा. कुशीवर एक पितळी तुकडा स्क्रूंनी बसवलेला होता. धोतराच्या सोग्यानं त्यांनी त्यावरचं तेल पुसलं आणि त्यावरून बोट फिरवत राहिले. मी उतरून पाहिलं. लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं ठिपक्याठिपक्यांनी नाव होतं, सौ. यमुना.

"आमच्या आईची परात हाय," काका म्हणाले. "वसंतानं कापली."

वसंता त्यांचा धाकटा भाऊ, कापसाच्या जिनातला मिस्त्री. डोकी बदलायचं वेड मूळ त्याचं. परातीवरून काका त्याला नको ते बोलले, तसा तो घर सोडून गेला. परात कोणाच्या गाडीला लागली तेही न सांगता. इतकी वर्षं काका ती गाडी शोधत होते आणि आम्ही गावभर हसत होतो. मला माझीच लाज वाटली.

ड्रायव्हर डोकं खाजवत म्हणाला, "वसंता मिस्त्री? तो तं डोणगावले राह्यते. दर दिवाळीले येऊन गाडी पाहून जाते."

मुहूर्त कसाबसा साधला. अक्षता कमी पडल्या, कारण निम्म्या काकांनी इंजिनावर टाकल्या होत्या. जेवणाला न थांबता ते त्याच मोटारीनं डोणगावला गेले, आणि नवरीला घेऊन मी बैलगाडीनं खामगावला.

तिथली हकिगत ड्रायव्हरनं नंतर सांगितली. काकांना पाहून वसंता दारातून सरळ गाडीपाशी आला म्हणे. मग दोघांनी मिळून बोनेट उघडलं.